गच्ची, फाइल आणि तीस दिवस : नोकरी गमावलेल्या एका शिक्षिकेचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण दक्षिण नागपुरातील एका खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बारा वर्षे मराठी शिकविणाऱ्या शिक्षिकेचे आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात त्यांना सेवासमाप्तीचे पत्र मिळाले आणि त्यानंतर सुमारे वर्षभर त्यांनी घराच्या गच्चीवर बाग केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध लागला, बागेने त्यांना काय दिले आणि काय देणे बागेच्या हातात नव्हतेच, हे नोंदवून ठेवणे हा या लेखनाचा हेतू आहे. लेखन त्यांच्या संमतीने केले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मजकुरात त्यांचा उल्लेख ‘मॅडम’ असा केला आहे, कारण वस्तीत, किराणा दुकानात आणि सासरच्या गावीही लोक त्यांना याच नावाने हाक मारत. नोकरी गेल्यावर या हाकेचे काय होते, हाही या प्रकरणाचा एक भाग आहे.

पार्श्वभूमी

मॅडमचे वय त्या वेळी ४४ होते. बी.ए., बी.एड. झाल्यावर काही वर्षे त्यांनी घरीच शिकवण्या घेतल्या आणि २०१२ मध्ये सदर शाळेच्या माध्यमिक विभागात त्या रुजू झाल्या. नववी-दहावीचे मराठीचे तास, एका तुकडीचे वर्गशिक्षकपद, स्नेहसंमेलनातील नाटुकले, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि पालकसभेत इंग्रजी न येणाऱ्या पालकांशी बोलण्याची न लिहिलेली जबाबदारी, एवढे त्यांचे काम होते. शेवटचे वेतन दरमहा १८,००० रुपये होते. पती इतवारीत धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहेत, मुलीने नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती आणि काटोलकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातून आलेल्या सासूबाई घरातच राहतात. मानेवाडा भागात त्यांचे स्वतःचे, खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची असलेले घर आहे.

शाळेत दर जूनमध्ये नवा नेमणूक आदेश दिला जाई, पगार अकरा महिन्यांचा मिळे आणि मे महिना कोरा जाई. या पद्धतीकडे मॅडमने कधी संशयाने पाहिले नाही, कारण स्टाफरूममधील बहुतेक सर्वांची स्थिती तशीच होती आणि सर्वांचे जे होते त्याची सवय होऊन जाते. २०२३-२४ च्या सत्रात पटसंख्या घटली, नववीच्या तीन तुकड्यांच्या दोन झाल्या आणि उरलेले मराठीचे तास हिंदीच्या शिक्षिकेकडे सोपविण्यात आले. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला आहे, ही गोष्ट मॅडम स्वतः वर्गात अभिमानाने सांगत असत. परंतु तो कायदा विषयाला संरक्षण देतो, विषय शिकविणाऱ्या व्यक्तीला नाही. एप्रिलच्या मध्यास त्यांना दोन परिच्छेदांचे पत्र मिळाले. पुढील सत्रासाठी आपल्या सेवेची आवश्यकता नाही, असे त्यात म्हटले होते आणि एक महिन्याची मुदत दिली होती. पत्र लेखनिकाने सही घेऊन हाती दिले. मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर होते.

पहिली भेट

एप्रिल संपता संपता पती त्यांना आमच्या समुपदेशन केंद्रात घेऊन आले. बोलले तेच. “रातभर जागीच असते जी. अन् दिवसभर वर, गच्चीवर. उनात. सांगून पाहिलं, ऐकूनच नाही राहिली.” मॅडम हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या तेव्हा दोन्ही तळव्यांवर फोड दिसले. तापलेल्या स्लॅबवर त्या अनवाणी फिरत होत्या.

त्या वर काय करीत होत्या, याचे उत्तर मिळायला बराच वेळ लागला. गच्चीवर तेव्हा बाग म्हणावी असे काही नव्हते. एक तुळस, एक मोगरा, दोन जास्वंदी, कोरफडीच्या काही कुंड्या आणि मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी लावलेला कढीपत्ता, इतकेच होते. सावली द्यायला पाण्याची टाकी सोडून दुसरे काही नव्हते. टाकीची सावली जसजशी सरके तसतशा मॅडम सगळ्या कुंड्या सरकवीत. सकाळी पश्चिमेच्या बाजूला, दुपारी टाकीच्या अगदी बुडाशी, चारनंतर पूर्वेला. दुपारी बारा-एकच्या सुमारास सावली इतकी आखूड होई की सगळ्या कुंड्या तिच्यात मावत नसत, आणि कोणती उन्हात ठेवायची हे ठरविता न आल्याने त्या तिथेच उभ्या राहत. हे सांगताना त्यांना पहिल्यांदा रडू आले.

झोप, भूक, कामातील रस, एकाग्रता आणि जिवाला अपाय करण्याचे विचार यांबाबत आम्ही नेहमीप्रमाणे सरळ प्रश्न विचारले. झोप पहाटे तीनला तुटत होती आणि जेवण निम्म्यावर आले होते. “सकाळी उठूच नये असं वाटते” हे वाक्य त्या एकदा बोलल्या, मात्र त्यामागे काही ठरविलेले नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. तूर्त औषध न देता ठरावीक अंतराने तपासणी करावी, झोप सुधारली नाही तर फेरविचार करावा, असे ठरले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मोफत फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक पती आणि मुलगी या दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून घेतला.

बागकाम मनाला चांगले असते, हा सल्ला अलीकडे इतका सहज दिला जातो की अशा स्त्रीला पाहून ‘छान छंद आहे, चालू ठेवा’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. आमचे मत वेगळे झाले. त्या घडीला मॅडम कुंड्यांची काळजी घेत नव्हत्या, तर कपाटातल्या एका फाइलपासून लांब राहत होत्या.

तीस दिवस

त्या फाइलमध्ये बारा नेमणूक आदेश, वेतनाच्या पावत्या आणि ते पत्र होते. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा केवळ अनुदानित शाळांसाठी आहे, असा समज शिक्षकांमध्ये सर्रास आढळतो. मॅडमचाही तोच होता. प्रत्यक्षात तो मान्यताप्राप्त खासगी शाळांना, विनाअनुदानित शाळांनाही, लागू होतो. कायम स्वरूपाच्या रिक्त पदावर पात्र उमेदवाराची नेमणूक परिविक्षेवर म्हणजे प्रोबेशनवर व्हावी आणि परिविक्षेचा काळ समाधानकारक रीतीने पुरा झाला की ती व्यक्ती कायम समजली जावी, असे त्याचे कलम ५ सांगते. बारा वर्षे दर जूनला नवा आदेश देणे या कलमाशी कितपत सुसंगत होते, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यावर आम्ही मत देणार नाही. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला या कायद्याखालील १९८१ च्या नियमावलीप्रमाणे एका महिन्याच्या नोटिशीवर कमी करता येते, तर कायम कर्मचाऱ्याला पटसंख्या किंवा तुकड्या घटल्यामुळे कमी करायचे असल्यास तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे मॅडम कायम होत्या की तात्पुरत्या, यावरच सगळे अवलंबून होते. हा प्रश्न विचारण्याची जागा कलम ९ खालील शाळा न्यायाधिकरण असून नागपुरात ते आहे. अपील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे असते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण कुंड्या सावलीत सरकवीत होते हे कारण कोणत्या वकिलाने कसे मांडायचे?

मॅडम आमच्याकडे आल्या तेव्हा या तीस दिवसांतील जवळजवळ निम्मे संपले होते.

गच्ची बंद करण्याचा सल्ला आम्ही दिला नाही. तो देऊन उपयोग झाला नसता आणि त्या घरात तेवढी एकच जागा अशी होती जिथे त्यांचा दिवस हलत होता. त्याऐवजी नागपूरच्या उन्हाचाच आधार घेतला. त्या मे महिन्यात तापमान अनेक दिवस चाळीस अंशांच्या वर होते. महिन्याच्या अखेरीस तर शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविल्याची बातमी देशभर झाली. संवेदकातील दोषामुळे तशी नोंद झाल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले, पण ज्यांनी ती दुपार अनुभवली त्यांना आकडा फारसा खोटा वाटला नाही. अशा दिवसांत सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत गच्चीवर माणसाचे काही काम नसते. म्हणून असे ठरले की साठ-सत्तर रुपये मीटरची हिरवी नेट आणून टाकीपासून कठड्यापर्यंत बांधायची, म्हणजे कुंड्या हलविण्याची गरजच उरणार नाही. पाणी पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यायचे. आणि अकरा ते एक या वेळेत कूलरसमोर बसून फाइलमधील एकेक कागद काढून त्यावर काय लिहिले आहे हे वहीत उतरवायचे. नेट पतीने बांधली. वही मॅडमने दहावीच्या उत्तरपत्रिकांसारखी आखली, समास सोडून.

कागद तारखेप्रमाणे लावल्यावर काही गोष्टी आपोआप पुढे आल्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते, ही माहिती त्यांना नव्हती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील मिळाले आणि अपील मुदतीत दाखल झाले. उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्न स्वतंत्र होता. २००९ च्या दुरुस्तीने खासगी शाळांतील शिक्षक ३ एप्रिल १९९७ पासून तेव्हाच्या उपदान कायद्याच्या कक्षेत आले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरविली आहे. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि दिवसाचा हिशेब महिन्याचे सव्वीस दिवस धरून. मॅडमच्या बाबतीत ही रक्कम सव्वा लाख रुपयांच्या आसपास येत होती. मे महिन्याच्या खंडामुळे सेवा सलग धरता येत नाही, असे शाळेने तोंडी सांगितले होते. परंतु बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष सलग सेवेचे मानण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. अपिलाचा हक्क अबाधित ठेवून उपदानाचा अर्ज वकिलांच्या सल्ल्याने वेगळा करण्यात आला.

या भागावर इतका भर देण्याचे कारण असे की, अशा प्रकरणांत दुःख सावरण्याची वेळ आणि कायद्याची वेळ एकाच महिन्यात येतात. समुपदेशक पहिलीकडे पाहतो, वकील दुसरीकडे, आणि व्यक्ती मधल्या मध्ये राहते.

शाळा उघडण्याचा दिवस

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. शिक्षकाच्या नोकरी जाण्याला यामुळे एक विचित्र आकार येतो. कारखान्यातील कामगाराची नोकरी गेली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ते कळते. शिक्षकाला मात्र मे-जून हे दोन महिने सुटीचे म्हणूनच ओळखीचे असतात. मॅडमने उन्हाळ्याचे वडे-पापड केले, माहेरी जाऊन आल्या, मुलीच्या प्रवेशाच्या रांगा लावल्या. झोपही सुधारली. घरच्यांना वाटले की सावरली. आम्ही पतींना आधीच सांगून ठेवले होते की खरा दिवस अजून यायचा आहे.

तो दिवस आला तेव्हा मॅडम पहाटे साडेपाचला उठल्या, आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसल्या, डबा भरला आणि दारात येऊन थांबल्या. शेजारच्या घरातील मुलगा गणवेशात व्हॅनची वाट पाहत उभा होता. “गुड मॉर्निंग मॅडम” असे तो म्हणाला. त्या आत येऊन पलंगावर बसल्या, साडी न बदलता, दुपारपर्यंत.

सासूबाईंनी त्यांना उठविले. या बाईंचा समुपदेशनावर काडीचा विश्वास नाही आणि तो नसल्याचे त्या आमच्यासमोरही बोलून दाखवितात. “काहून अशी बसून राहिली? पाऊस येऊन गेला, मोगऱ्याच्या कुंडीतली माती बसली सारी. चल वर. सांभार टाकू.” सांभार म्हणजे कोथिंबीर. वर गेल्यावर मॅडमने डब्यातले धने तसेच मातीवर पसरले, तेव्हा सासूबाईंनी हात धरला. “आख्खे नको टाकू. रगड पहिले.” धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया एका टरफलात असतात. तो पाट्यावर ठेवून तळहाताने किंवा वाटीच्या बुडाने हलकेच दाबला की दोन फाकी होतात. जोर जास्त झाला तर चुरा होतो आणि कमी पडला तर दाणा तसाच निसटतो. मग त्या फाकी रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, अर्धा-पाऊण इंच खोल पेरायच्या. मॅडमने त्या दुपारी मूठभर धने एकेक करून फोडले. मेथी तीन-चार दिवसांत दिसते. धन्याला आठ ते बारा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वरून फक्त माती दिसते. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांनी फोनवर कळविले की वाकलेल्या देठाने माती उचलली आहे, पण पान अजून टरफलातच अडकले आहे. ते बोटाने सोडवावे का? सासूबाईंनी सोडवू दिले नव्हते, हे आम्हाला नंतर कळले.

आमच्या नोंदीत या आठवड्यापासून फरक दिसतो. विदर्भात शाळा उघडण्याचा आणि पेरणीचा काळ एकच असतो, हा योगायोग या प्रकरणात निर्णायक ठरला. घड्याळाची जी जागा शाळेने रिकामी केली होती तिच्यावर लगेच दुसऱ्या कामाचा दावा आला. हेच पत्र डिसेंबरमध्ये आले असते तर चित्र कदाचित वेगळे झाले असते.

बाग नेमके काय करीत होती

ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातील कापड गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा जो अभ्यास केला तो बेकारीच्या मानसशास्त्रातील पायाभूत अभ्यास मानला जातो. वेळ भरपूर झाला तरी ग्रंथालयातून पुस्तके नेणे कमी झाले, माणसे रस्त्यातून चालताना वारंवार थांबू लागली, दिवसाचे भाग पडेनासे झाले. याहोदा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराव्यतिरिक्त पाच गोष्टी देते : वेळेची चौकट, घराबाहेरचा संबंध, सामायिक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल.

मॅडमच्या गच्चीला ही मोजपट्टी लावली तर वेळेची चौकट आणि हालचाल या दोन गोष्टी तिने भरपूर दिल्या, आणि त्या देताना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. बाहेरचा संबंध थोडा आला. बियाण्यांसाठी महालातील दुकानात जाणे, महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत चौकशी करणे, शेजारणीला पालकाची जुडी देणे, इतपत. सामायिक उद्दिष्ट आणि समाजातील स्थान मात्र बागेतून आले नाही. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईने “आता कुठल्या शाळेत?” असे विचारले आणि मॅडम “घरीच” एवढेच बोलून वाण घेऊन परतल्या. त्या वेळी गच्चीवर टमाटर, वांगी, पालक, मुळा आणि शेवंती सगळे भरात होते. त्या एका प्रश्नापुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीस जणांना आधी ताण येईल असे काम देऊन नंतर अर्धा तास काहींना बागकाम आणि काहींना घरात वाचन करायला सांगितले होते. लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, बागकाम करणाऱ्यांत अधिक, आणि मन:स्थिती बागकामानंतरच पूर्ववत झाली. हा निष्कर्ष आम्ही मानतो. पण ते सगळे आधीपासूनच हौसेने बाग करणारे लोक होते आणि त्यांचा ताण अर्ध्या तासापूर्वीचा होता, बारा वर्षांच्या नोकरीचा नव्हता, एवढे भान ठेवून.

मारिएन्थालच्या अभ्यासातील आणखी एक नोंद येथे आठवते. अन्नाची चणचण असूनही तेथील लोक भाजीच्या वाफ्यांत फुले लावीत. मॅडमच्या घरातही हाच वाद झाला. माती-खतावर खर्च करायचा तर भाजी तरी लावा, असे पतीचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. मॅडमला शेवंती, अबोली आणि गुलाब हवे होते. शेवटी कठड्याकडील रांग फुलांची आणि आतील भाजीची अशी वाटणी झाली. कठड्याकडच्या कुंड्यांना पाणी देण्यात त्या सर्वांत जास्त वेळ घालवीत, असे मुलीने सांगितले.

एक बिघाड

बाग करून मन सावरते, या सरळ चढत्या रेषेत हे प्रकरण बसत नाही. उन्हाळ्यात पाणी वाचविण्यासाठी मॅडम कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी कुंड्यांना घालत असत. नागपुरात बहुतेक घरी हे होतेच. कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार टाकीत मागे राहतात, त्यामुळे ते पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. जूनपर्यंत मातीवर पांढरा थर आला आणि कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपल्या. पावसाच्या पाण्याने माती धुऊन निघाली, मोगरा वाचला, कढीपत्ता गेला.

हे त्यांनी सहन केले. ऑगस्टमधील प्रसंग मात्र जिव्हारी लागला. डेंग्यू-चिकुनगुन्याच्या दिवसांत घरोघरी तपासणी करणारे आरोग्य कर्मचारी गच्चीवर आले आणि त्यांना कुंड्यांखालच्या बशांत डासांच्या अळ्या सापडल्या. त्यांनी बशा उपड्या केल्या, आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करा असे सांगितले आणि निघून गेले. त्यात अपमान करण्यासारखे काही नव्हते. मॅडमने मात्र त्याचा अर्थ असा लावला की वर्गातून काढले आणि आता गच्चीचेही नीट जमत नाही. आठवडाभर त्या वर गेल्या नाहीत, झोप पुन्हा तुटली, आणि याच आठवड्यात न्यायाधिकरणातील तारीख पुढे गेल्याचा निरोप आला.

येथे बागेचा स्वभाव उपयोगी पडला, असे आमचे निरीक्षण आहे. शाळेतील चूक पत्रातून कळते आणि तिच्यावर फेरविचार होत नाही. अळ्यांची चूक बशा काढून टाकल्या की संपते. मॅडमने सगळ्या बशा काढल्या, कुंड्या विटांवर ठेवल्या आणि उन्हाळा संपल्यावर कूलरच्या काढून ठेवलेल्या वाळ्याच्या ताट्या सोडवून त्यांचे आच्छादन मातीवर पसरले. या बैठकीत आम्ही त्यांना ‘अपयश’ या शब्दाखाली दोन रकाने करायला सांगितले होते : जे दुरुस्त करता येते ते आणि जे दुसऱ्याने ठरविले ते. शाळेचे पत्र दुसऱ्या रकान्यात लिहिण्याआधी त्या बराच वेळ पेन धरून बसल्या होत्या.

हिशेब आणि सल्ले

ऑक्टोबरनंतर, रोपे धरू लागली तसे नातेवाइकांचे सल्लेही येऊ लागले. नर्सरी टाका, सेंद्रिय भाजी विका, चॅनल सुरू करा. मॅडमने शिक्षकी सवयीने हिशेब मांडला. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, बियाणे आणि कुंड्यांवर झालेला खर्च त्या हिवाळ्यात निघालेल्या भाजीच्या बाजारभावापेक्षा बराच अधिक होता. शिवाय गच्चीला मर्यादा असते. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे मोठ्या कुंड्या तुळईच्या रेषेवर आणि भिंतीलगतच ठेवाव्या लागतात. जिथे बसून माणूस सावरला ती जागा लगेच उत्पन्नाच्या कामाला जुंपली, तर पुढच्या तोट्याला ती पुन्हा नवे अपयश म्हणून उभी राहते, असे आमचे मत आहे. मॅडमने नर्सरीचा विचार सोडून दिला.

एक सल्ला अधिक चिवट होता. संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात, ताण बसला की झाड फुलते. तसेच माणसाचेही असते, हे एका काकांनी भर मंडळीत सांगितले. सासूबाई तिथेच होत्या. “झाडाले ताण मालक देते, बहाराच्या पैशासाठी देते. हिले कोन्या मालकानं कायच्यासाठी देला?” असे त्या म्हणाल्या आणि विषय संपला. आमच्या कोणत्याही बैठकीत यापेक्षा नेमके उत्तर निघाले नव्हते.

सद्यःस्थिती

उपदानाची रक्कम काही महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर मिळाली. मुलीचे पहिल्या वर्षाचे शुल्क आणि घराची राहिलेली डागडुजी त्यातून झाली. अपील हे लिहिताना प्रलंबित आहे. २०२५ च्या जूनपासून मॅडम दुसऱ्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवितात. मानधन पूर्वीच्या वेतनाच्या निम्म्याहून कमी आहे आणि नेमणूक पुन्हा सत्रापुरतीच आहे, पण या वेळी आदेशाची प्रत घेऊन तारीख तपासण्याचे काम त्यांनी पहिल्याच दिवशी केले.

बाग आटली आहे. सकाळची वेळ शाळेला गेल्यामुळे रोजच्या रोज हात मागणाऱ्या भाज्या त्यांनी बंद केल्या. टमाटर-वांग्याच्या कुंड्या सासूबाईंनी ताब्यात घेतल्या, त्यांपैकी काही काटोलला गेल्या. मोगरा, तुळस, जास्वंद आणि कठड्याकडची शेवंतीची रांग संध्याकाळच्या एका पाण्यावर निभावते म्हणून राहिली. कमी झालेल्या कुंड्यांबद्दल खंत वाटते का, असे आम्ही विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या की वाटते, पण दहावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यापुढे वाटायला वेळ नसतो.

केंद्रातील नोंद आम्ही बंद केलेली नाही. अपिलाचा निकाल लागेल त्या आठवड्यात, तो कोणत्याही बाजूने लागला तरी, भेट घ्यायची असे ठरले आहे. आणि तोपर्यंत मे-जूनचा संधिकाळ जवळ आला की पती एकदा फोन करतात.